व्हर्लिनचा होकार

अमेरिकेत, नेब्रास्कातल्या स्वतःच्या मालकीच्या गुरांच्या बाजारात व्हर्लिन कोकोरेकने चौतीस वर्षं लिलाव पुकारला. दर गुरुवारी त्याची जीभ अशी सुटायची की नवख्याला दमच लागावा. समोरचं गिऱ्हाईक मात्र तोंड उघडत नसे. मान हलली की सौदा पक्का. हलवून मागे फिरणाऱ्याला व्हर्लिनने पुन्हा कधी लिलावाच्या कठड्याशी उभं केलं नाही.

मार्चमध्ये मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आणि त्याचं बोलणंच गेलं. डॉक्टरीणबाईंनी धाकट्या भावाला, लॅडला, समोर बसवून सगळं फोड करून सांगितलं. "शब्द जागेवर आहेत. त्यांना जोडणाऱ्या आतल्या पांढऱ्या तारा तुटल्यात, पण बऱ्याच शाबूत आहेत. रोज सराव केला तर वर्षभरात थोडंफार बोलतील. तोवर त्यांच्या मानेवर जाऊ नका. 'नाही' म्हणायचं असलं तरी ती 'हो'चीच हलते."

लॅडने हे वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

जूनमधल्या एका गुरुवारी त्याने व्हर्लिनला बाजारात आणून कठड्यापाशी बसवलं आणि भरल्या बाकांसमोर विचारलं, "दादा, बाजार आता माझ्या नावावर करायचा ना?"

व्हर्लिनच्या पोटातून 'नाही' उसळलं. मान खाली-वर झाली.

बाकांवरच्या टोप्या आदराने उतरल्या. मानेच्या होकाराची शिस्त त्यानेच लावलेली, शंका कोण घेणार? बायको ॲर्डिस तेवढी कडाडली, "अरे, काहीही विचारलं तरी ह्यांची मान तशीच हलते. तुला ठाऊक आहे ते."

"वहिनी, सगळ्यांनी बघितलंय," लॅड तिच्याकडे न बघता म्हणाला. दुसऱ्या दिवशी वकिलाकडे सहीच्या जागीही तोच मानेचा होकार धरला.

सख्खा भाऊ. घोड्यावर बसायला व्हर्लिननेच शिकवलेला. त्याने असा केसाने गळा कापला, आणि व्हर्लिनला साधी शिवीही देता येईना.

सराव मात्र त्याने सोडला नाही. ॲर्डिस स्वयंपाकघरात एकेक शब्द सुरात म्हणायची, तो डाव्या हाताने टेबलावर ठेका धरून मागून म्हणायचा. फेब्रुवारीत एका सकाळी तिने कॉफी पुढे केली, तर तो म्हणाला, "नाही." मानही आडवी हलली. ॲर्डिस रडायला लागली. त्याने खुंटीवरच्या कोटाकडे बोट केलं. गुरुवार होता.

मंचावर लॅड होता. व्हर्लिन काठी टेकत कठड्यापर्यंत गेला आणि भावाकडे बोट रोखून खणखणीत म्हणाला, "नाही."

लॅडचा चेहरा उतरला. मग त्याने माईक तोंडाशी धरला. "मंडळी, ऐकलंत ना? माझा दादा बोलायला लागला."

सगळा बाजार उठून टाळ्या वाजवू लागला. व्हर्लिन पुन्हा म्हणाला, नाही, नाही. टाळ्या वाढतच गेल्या.