गाडीतला मंत्र

आपण एक दिवस मरणार हे जगात प्रत्येकालाच ठाऊक असतं. पण समोरच्याला ते चहा येण्याआधी सांगणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. भाऊजी रायपुरात डॉक्टर. माझ्या साखरपुड्यात त्यांनी होणाऱ्या सासऱ्यांशी हात मिळवला तो सोडलाच नाही, नखं उजेडाकडे धरली नि म्हणाले, "रक्त कमी आहे तुमचं. काहून हसून राहिले?" ताईसोबत पंडरीच्या कापडबाजारात साड्या घ्यायला गेले, तर भाव करायचा सोडून दुकानदाराची पापणी खाली ओढून पाहू लागले. त्या भल्या माणसाला खरंच कावीळ निघाली. बरा झाल्यावर तो पेढे घेऊन घरी आला, तेव्हा भाऊजींनी पेढा तोंडात टाकून त्याला धीर दिला, "आता नाही मरत तुम्ही. पुढं कधीतरी मराल." स्वतःचे वडील गेले तेव्हा मुंडन करायला त्यांनी साफ नकार दिला. "केस काढल्यानं कोण परत आलं?" असं भर अंगणात, न्हाव्यासमोर विचारलं. त्या दिवसापासून त्यांच्या आईनं त्यांच्याशी अबोला धरला. भाऊजींच्या ते फार दिवस लक्षातही आलं नाही.

नव्या रायपुरात रुंद रस्ते झाले, पण त्यांवरून धावायला गाड्याच नव्हत्या. भाऊजींची जुनी जीप तेवढी खडखडत जायची. त्या रस्त्यांच्या पलीकडच्या एका गावात ते दर बाजाराच्या दिवशी रोगी तपासायला जात. गावाचं आरोग्य तिघांच्या हाती होतं: उपकेंद्राची नर्स, जिला सगळे सिस्टर दीदी म्हणत, मितानिन, म्हणजे घरोघर फिरणारी गावचीच आरोग्यसेविका, आणि झाडफूक करणारा म्हातारा बैगा. तिघांची तोंडं तीन दिशांना. धानाच्या दिवसांत साप चावला की माणूस आधी बैगाकडे नेत, आणि मंत्र संपेपर्यंत बहुधा माणूसही संपत असे. भाऊजींनी बैगाला चारचौघांत झापलं. त्याचा परिणाम एवढाच झाला, की जीप दिसली की बैगा रोग्याला आतल्या खोलीत लपवू लागला. मितानिनच्या पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली, एक पोट्टी साप चावून अशीच लपवलेल्या जागी गेली. भाऊजी त्या वेळी दोन घरं सोडून कुणाचा तरी खोकला तपासत होते.

त्यानंतर भाऊजींनी जे केलं ते ऐकून ताईनं कपाळाला हात लावला. त्यांनी बैगाशी 'महाप्रसाद' बदलला. ही छत्तीसगढची रीत. जगन्नाथपुरीहून आणलेला सुका भात दोघांनी एकमेकांना भरवायचा, नारळ द्यायचा. मग जन्मभर नाव घ्यायचं नाही, फक्त 'महाप्रसाद' म्हणायचं. त्याचं सुतक ते आपलं सुतक, आणि त्याचा शब्द मोडायचा नाही. तोंडातला भात गिळायच्या आत भाऊजींनी शब्द टाकला, "महाप्रसाद, मंतर पढ़, मना नहीं. पर मेरी गाड़ी में बैठ के."

बैगा फसला, आणि गावाचं भलं झालं. मितानिन फोन करायची, सिस्टर दीदी चावलेल्या हाताला काठी बांधून तो हलू न देता मागे बसायची, आणि बैगा कडुनिंबाची डहाळी फिरवत डोंगरातल्या, तळ्यातल्या, वेशीवरच्या एकेका देवाला हाक मारायचा. डहाळीचे निम्मे फटके गाडी चालवणाऱ्या भाऊजींच्या कानावर. "महाप्रसाद, साँप ने मुझे नहीं काटा," ते वळून सांगायचे, आणि जीप खड्ड्यात जायची. माणसं जगू लागली. कशानं, यावर मात्र कधी एकमत झालं नाही. बैगा म्हणे मंत्रानं, दीदी म्हणे इंजेक्शननं, आणि मितानिन पदर खोचून म्हणे, "मोर फोन ले," म्हणजे माझ्या फोननं.

एका पावसाळी सकाळी मी ताईकडे असताना मितानिनचा फोन आला. बैगालाच मण्यार चावली होती, जमिनीवर झोपलेला असताना. मण्यारीचं चावणं दुखतही नाही. पोटात कळ आली, पापण्या उतरू लागल्या, तेव्हा त्याला कळलं. दीदीनं सरकारी गाडी दारात आणली होती, पण बैगा खाटेवरून उठेना. बैगाला स्वतःवर मंत्र चालवता येत नाही, आणि मंत्राशिवाय गाडीत बसायचं कशाला? "महाप्रसाद आही, तभे जाहूँ," महाप्रसाद येईल तेव्हाच जाईन, एवढंच तो म्हणत होता. भाऊजी फोनवर ओरडले, मग विनवण्या केल्या. बैगानं फोन कानाला लावूनच घेतला नाही. गाडीतच मंत्र म्हणायचा ही सवय त्याला भाऊजींनीच लावली होती.

जीप मी चालवली. ते रस्ते इतके लांब आहेत हे मला तेव्हा कळलं. परत येताना बैगाला जीपमध्येच घेतलं. दीदी आणि भाऊजी मागे बसले, भाऊजींच्या हातात डहाळी, मांडीवर बैगाचं डोकं. इतकी वर्षं कानावर पडलेला मंत्र ते म्हणू लागले.

"ठाकुरदेव छूट गे, महाप्रसाद," बैगा जड जिभेनं म्हणाला.

भाऊजींनी पहिल्यापासून सुरू केलं, आणि गावाचा राखणदार ठाकुरदेव पुन्हा गाळला. बैगानं पुन्हा चूक काढली. मला राहवेना. "भाऊजी, नीट म्हणा ना."

"तू रस्त्याकडे पाह्य, साळेबुवा," ते मराठीत म्हणाले. "तो चूक काढून राहिला, तोवर श्वास घेऊन राहिला."

पुढच्या खेपेला नुसतं "ठाकुर" ऐकू आलं. त्याच्या पुढच्या खेपेला काहीच नाही. दीदीनं तोंडावर श्वासाची पिशवी लावली, भाऊजी ती दाबत राहिले, आणि मंत्र म्हणत राहिले. रुग्णालयाच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि भाऊजींच्या हातातली पिशवी हळूच काढून घेतली.

दहाव्या दिवशी गावच्या तळ्यावर भाऊजींनी मुंडन केलं. घरी आले तेव्हा त्यांच्या आईनं त्या डोक्याकडे पाहिलं आणि त्यांच्या पानात तूप जरा जास्त वाढलं.

आता तो मंत्र सिस्टर दीदीला येतो, मितानिनला येतो. कुणी कुणाची वाट पाहत बसू नये म्हणून भाऊजींनी दोघींकडून तो घोकून घेतला, एकही देव न गाळता. स्वतः म्हणतात तेव्हा मात्र ठाकुरदेवापाशी अजून चुकतात. तिथं क्षणभर थांबतात. मग पुढं म्हणू लागतात.