तलवारीतले टाके

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. बाबांना नाही — शेवटच्या दिवसांत त्यांच्या उशाशी बसून राहायचे, तेव्हाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि बिघडलेला मिक्सर घेऊन मारेगावच्या माझ्या दुकानात तुम्ही उद्या यायची शक्यताही कमीच.

आधी थोडी बढाई मारून घेते. मारू द्या. ती संध्याकाळ माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी संध्याकाळ होती. ती आता लहान करून सांगितली, तर तेही खोटंच होईल, आणि खोट्याचा साठा माझ्याकडे आधीच भरपूर आहे.

दिवाळीचा पाडवा होता. आमच्याकडे दिवाळीत गावोगाव दंडार होते — गावातलीच माणसं राजा होतात, राक्षस होतात, राणीसुद्धा कुणीतरी मिशी काढलेला बाप्याच असतो. दिवेलागण झाली, पटांगण भरलं, ढोलकी सुरू झाली, आणि भारनियमनाच्या नेमानं लाइन गेली. कुणीतरी गॅसबत्तीसाठी काडेपेटी शोधू लागलं. तेवढ्यात राजा झालेल्या रामधनकाकांनी अंधारातच तलवार उपसली आणि मुठीवरचं बटण दाबलं.

मुठीशी निळी. मध्ये हिरवी. टोकाला लाल. आणि सगळा उजेड सलग — कुठे ठिपका नाही, कुठे खंड नाही. मग जो ओरडा उठला! ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव नव्हता, बोंडअळी होती, आणि गावात आनंदानं ओरडण्यासारखं बरेच दिवस काही घडलं नव्हतं. म्हाताऱ्या बाया उभ्या राहून पाहत होत्या. रामधनकाकांनी तलवार फिरवली की पटांगणभर निळे-हिरवे चेहरे दिसायचे. गॅसबत्ती पेटवू नका, असं लोकच ओरडले. ती तलवार मी बनवली होती.

पाहा — हेच ते वाक्य. इतकी वर्षं मी ते असंच म्हणत आले.

बाबांचं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. मी दहावीपासून तिथे बसायची. बाबांनी शिकवलं, पण गिऱ्हाईक आलं की मला उठायला लावायचे, लोकांना वाटू नये की मशीन पोरीनं उघडलं. माझा मावसभाऊ विलास तलवारीच्या वर्षीच दुकानात शिकायला आला. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, मला ताई म्हणायचा. मावशीचं म्हणणं एकच — पोराच्या हाताला शेताबाहेरचं काहीतरी काम लागू दे, कापसाच्या भरवशावर त्याला ठेवू नका. बाबा म्हणाले, दिवाळीपर्यंत हात पाहतो, मग कायमचा ठेवतो. म्हणजे त्याचं सगळं त्या दिवाळीवर होतं. हे मला ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा.

रामधनकाकांनी दुकानात येऊन सहज म्हटलं होतं, तलवार चमकली पाहिजे. बाबा हसले. मी म्हटलं, मी करते. रंगीत एलईडी तेव्हा आमच्याकडे नवलाचीच वस्तू होती, यवतमाळहून मागवले. विलासनं सागाच्या पट्टीला मधोमध खाच पाडली, त्यात एलईडी बसवले आणि एकेकाला तार जोडली. तापल्या सळईनं कथील वितळवून केलेल्या सोल्डरच्या सांध्याला दुकानात आम्ही टाका म्हणायचो. एलईडीला जास्त वेळ तापलेलं चालत नाही, पटकन टेकवून पटकन उचलावं लागतं. मला ती घाई जमायची नाही. विलासला जमायची. त्याचे टाके ज्वारीच्या दाण्यासारखे, गोल आणि चकचकीत. पात्यातला एकही टाका माझा नव्हता.

एवढं करूनही उजेडाचे ठिपकेच दिसत होते, लग्नातल्या माळेसारखे. दुसऱ्या दिवशी विलास घरून ओंजळभर कापूस घेऊन आला — सरकी काढलेला, त्यांच्याच शेतातला. खाचेत पिंजून भरला, वरून पांढरं प्लास्टिक लावलं, आणि ठिपके नाहीसे झाले. त्या वर्षी त्यांच्या कापसाचं दुसरं काहीच चांगलं झालं नाही.

मग मी काय केलं? मूठ. मुठीतलं कनेक्शन माझं. तीन रंगांच्या तीन तारा विलासनं तिथवर वेगवेगळ्या आणून ठेवल्या होत्या. मी एकेक रंग सेलवर लावून पाहिला. निळा पेटला, हिरवा पेटला, लाल पेटला. मग घाईघाईत तिन्ही तारा एकत्र पिळल्या, सगळ्यांना मिळून वीज आवरणारा एकच रेझिस्टर लावला, आणि तालमीला घेऊन गेले.

लाल एलईडीला थोडी वीज पुरते, निळ्या-हिरव्याला जास्त लागते. तिघांना एका ताटात बसवलं की लाल एकटाच जेवून उठतो. म्हणून प्रत्येक रंगाला आपापला रेझिस्टर द्यावा लागतो. आज हे मी झोपेतही सांगेन. तेव्हा माहीत नव्हतं.

तालमीत सगळं गाव बसलेलं, बाबाही आले होते. रामधनकाकांनी बटण दाबलं. फक्त टोक पेटलं. लाल, एवढंसं.

“काय वो पोरी, हे तलवार हाय का बिडी हाय?” ते म्हणाले.

लोक हसले — गडाबडा लोळून हसले. आणि मागून कोणीतरी म्हणालं, पोरीच्या हाती देल्लं त असंच होते. बाबांनी मान खाली घातली. ती मान मला सहन झाली नाही. मी म्हटलं — ऐकू जाईल असं म्हटलं — “विलासनं टाके कच्चे मारले.”

टाके पक्के होते. मी स्वतः तपासले होते. मला चूक कुठे आहे हे कळत नव्हतं, पण कुठे नाही हे चांगलं कळत होतं. विलासनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे.

“असंन, ताई,” तो म्हणाला. “माह्याच हाताचं असंन.”

त्यानं भांडायला हवं होतं का? त्यानं काय करायला हवं होतं हे मी कोण ठरवणार?

दुसऱ्या दिवशी बाबांनी त्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. मी दुकानातच होते. समोरच्या डब्यातले स्क्रू निवडत होते — निवडायची काही गरज नव्हती. त्याच दुपारी मी मूठ उघडली, तारा सोडवून पुन्हा एकेक लावून पाहिल्या, आणि गाडं कुठे अडलं होतं ते उमगलं. तीन रेझिस्टर, तीन तारा. दहा मिनिटांचं काम. पात्याला मी हातसुद्धा लावला नाही. तलवार झगझगली, मी दुकानात एकटीच नाचले. बाबा आले तेव्हा म्हटलं, सगळे टाके नव्यानं मारले. त्यांनी उघडून पाहिलं नाही. मला पाठीवर थाप दिली, आयुष्यात पहिल्यांदा. विलास तेव्हा गावातच होता, हाक मारली असती तर आला असता.

आणि मग पाडवा. ते सगळं तुम्हाला सांगितलंच. फक्त शेवट राहिला. सोंग अर्धवट थांबवून रामधनकाकांनी मला मांडवात, सोंगांच्या ओट्यावर बोलावलं. दंडारीत बाईमाणूस मांडवात चढलेलं तिथे कुणी पाहिलं नव्हतं. मी चढले. त्यांनी मुकुट सावरला आणि बॅटरीवरच्या माइकवर विचारलं, “हे तुनं बनवली?”

“हो.”

“एकटीनं?”

समोरच्या रांगेत विलास बसला होता. दोन बोटं तोंडात घालून माझ्यासाठी शिट्ट्या मारत होता. त्याच्या शेतातला कापूस रामधनकाकांच्या हातात निळा-हिरवा पेटलेला होता.

“हो,” मी म्हटलं.

वाईट वाटलं का? नाही वाटलं. खरं सांगते, त्या घटकेला जराही नाही. मला इतकं छान वाटलं की पाय जमिनीवर नव्हते. पुढच्याच महिन्यात बाबांनी पाटीवर माझं नाव घातलं. त्यानंतर गिऱ्हाईक आलं म्हणून मला कुणी उठवलं नाही. आज मारेगावात कुणाचंही काही बिघडलं तर लोक म्हणतात, सुमीकडे ने. हे सगळं मला आवडतं. अजूनही आवडतं.

विलास वणीला कोळशाचा ट्रक चालवतो. उत्तम चालवतो, घर बांधलं, मुलगी शिकते आहे. दर पाडव्याला येतो आणि मुलीला तीच गोष्ट सांगतो — आत्यानं पेटती तलवार कशी बनवली, आणि आपण कसा घोळ केला. “माह्या हाती टाका टिकतच नाही ना बा,” म्हणतो, आणि स्वतःच हसतो. ट्रकच्या हॉर्नची तार सुटली तरी तो स्वतः जोडत नाही. वणीहून माझ्याकडे आणतो. आणि मी जोडून देते! पैसे घेत नाही म्हणून तो माझं कौतुकही करतो.

गेल्या आठवड्यात रामधनकाकांचा नातू आला. यंदा राजा तो होतो आहे, त्याला ती जुनी तलवार हवी होती. मी माळ्यावरून काढली. सेल फुटून मुठीत पांढरी बुरशी धरलेली, स्प्रिंग गंजलेली. माझं होतं तेवढं सगळं सडलं होतं. ते काढून टाकलं, मूठ नवी केली, भर दुपारी अर्धं शटर ओढलं आणि बटण दाबलं.

निळी. हिरवी. लाल. टोकापर्यंत. कापूस थोडा पिवळा पडला आहे, एवढंच. मग मी प्लास्टिक काढलं, कापूस बाजूला सारला, आणि चिमट्यानं एकेक टाका ओढून पाहिला.

पाडव्याला विलास येणार आहे. मी मांडवात चढून माइक मागणार आहे, जिथे हो म्हटलं होतं तिथेच. नंतर तो काय म्हणेल, गाव काय म्हणेल, पाटीवरच्या नावाचं काय होईल, ते ज्याचं त्यानं पाहावं. मी ते विचारायला चढणार नाही. मला एवढंच सांगायचं आहे, की त्या तलवारीतले टाके विलासचे आहेत, आणि त्यातला एकही अजून सुटलेला नाही.