मेस म्हणजे पसारा

चंद्रपूरला तुकूममध्ये रंजीताबाईची मेस होती. नर्सिंगची पूर्ण तीन वर्षं मी तिथंच जेवले. मी एटापल्लीकडची. घरी आम्ही गोंडी बोलतो. मराठी मला शाळेत मिळाली, आणि इंग्रजी नर्सिंगच्या जाड पुस्तकांनी डोक्यात कोंबली. हे आधीच सांगते, कारण पुढं जे झालं त्यात माझ्या इंग्रजीचाही हात आहे.

दोन खोल्या आणि मागं टिनाचं शेड, एवढंच बाईचं घर. शेडमध्ये आम्ही बावीस जण दोन पंगतींत जेवायचो. घरात पलंगावर कांद्याचं पोतं, खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग, फ्रिजवर वह्या, औषधं, अर्धी पपई. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धांचे फोटो होते, त्यांच्यापुढची हातभर जागा तेवढी लख्ख. पण बाईला कधी काही शोधताना मी पाहिलं नाही. चिमटा म्हटलं की हात मागं जायचा आणि चिमटा हातात यायचा. नवरा कोळशाच्या टिप्परवर ड्रायव्हर, आठ-आठ दिवस बाहेर. मुलगी एकच, खुशबू, तेव्हा सातवीत.

बाईची एक धाकटी बहीण होती, करिश्मा. दोघी माजरीच्या. बाप खाणीत कंत्राटी कामावर होता, तो गेला तेव्हा रंजीताबाई दहावीत होती. तिची शाळा तिथंच थांबली. आईबरोबर ती खाणीतल्या माणसांचे डबे करायला लागली आणि करिश्मा शिकत राहिली. पुढं ती चंद्रपूरच्याच एका कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागली. मेसमध्ये नवीन कोणी आलं की बाई दुसऱ्याच दिवशी सांगायची, "माही बहीण प्रोफेसर हाये." सांगताना पोळी लाटायचा वेग वाढायचा. मला तेव्हा तो अभिमान वाटायचा, आणि होताही. त्याच्या खाली काय होतं ते मला पुढच्या वर्षी कळलं.

पुढच्या वर्षी खुशबू रोज संध्याकाळी मावशीकडं इंग्रजी शिकायला जायला लागली. करिश्माला मूल नव्हतं, तिचाही जीव होता भाचीवर. महिनाभरात पोरगी बदलली. चपला जोडीनं भिंतीला लावून ठेवायला लागली. रुमालाच्या चार घड्या. जेवताना म्हणायची, "मावशीच्या घरी प्रत्येक वस्तूले जागा हाये. मावशी म्हणते, आधी टेबल साफ करायचा, मंग अभ्यास. मावशीकडं चहाचे कप वेगळे, पाहुण्यांचे वेगळे."

एकदा भांडी घासायला मी मदत करत होते तेव्हा बाई हळूच म्हणाली, "आज जेवताना सतरा वेळा मावशी म्हणली."

"बाई, तुम्ही मोजता?"

"मोजत नाई व. कानात पडते." मग हातातला गंज, म्हणजे मोठं पातेलं, उगाच जोरात घासत म्हणाली, "मले दिवसभरात किती वेळा आई म्हणते थे बी कानात पडते. आज चार वेळा. त्यातली दोनदा, आई पेन कुठी हाये."

पोटची पोर आणि पाठची बहीण, दोघींवर एकाच वेळी जळणारी बाई मी आधी पाहिली नव्हती. ती कोणाशी भांडायची नाही. खुशबूला मावशीकडं सोडायला निघालेल्या ऑटोकडं बघत दारात उभी राहायची आणि ऑटो वळला की आत येऊन भाजीत तिखट जास्त घालायची. आम्हा बावीस जणांना कळायचं, आज पोरगी हसत गेली.

एका रविवारी दुपारी सगळे जेवून गेल्यावर तिनं मला थांबवलं. हातात खुशबूची वही होती. म्हणाली, "रोशनी, हे वाच बरं. अक्षरं मले लागतात, अर्थ नाई लागत. इथी माह्या मेसचं नाव दिसून राह्यलं."

पान शब्दांच्या उपयोगाचं होतं. करिश्मानं एक शब्द द्यायचा आणि खुशबूनं त्याची दोन वेगळ्या अर्थांनी वाक्यं करायची. शब्द होता मेस. पहिलं वाक्य, माय मदर रन्स अ मेस. दुसरं, अवर हाउस इज ऑल्सो अ मेस. खाली लाल पेनानं व्हेरी गुड, आणि एक चांदणी.

"पहिल्यात लिहिलंय, माझी आई मेस चालवते," मी म्हणाले.

"अन् दुसऱ्यात?"

त्या वेळी मी काहीही सांगू शकले असते. आमचं घरसुद्धा मेसच आहे, एवढं जरी म्हटलं असतं तरी खोटं नव्हतं. पण मला अर्थ येतो, हे दाखवायची मलाही हौस होती. मी म्हणाले, "इंग्रजीत मेसचा दुसरा अर्थ पसारा असा होतो. अस्ताव्यस्त, सगळं इकडंतिकडं पडलेलं. ती म्हणते, आमचं घर म्हणजे पण पसाराच आहे."

बाईनं लाल शाईवर बोट ठेवलं. "हे कोनं लिहिलं?"

"मावशीनं. खूप छान म्हणून."

"खूप छान," बाई म्हणाली. वही बंद केली आणि फ्रिजवर जिथून घेतली होती बरोबर तिथंच ठेवली.

रात्रभर मी तो शब्द घोळवत राहिले. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन मोठी डिक्शनरी काढली आणि तो शब्द पूर्ण वाचला. वाचून मी पळतच मेसवर गेले. म्हटलं, "बाई, ऐका. मेसचा सगळ्यात जुना अर्थ पसारा नाहीच. जुना अर्थ ताटात वाढलेलं जेवण. मग एका जागी बसून जेवणारी माणसं. त्यानंतर कधीतरी कालवलेलं, जनावरापुढं टाकायचं अन्न, आणि त्यावरून शेवटी गोंधळ, पसारा. म्हणजे तुमचा अर्थ आधीचा आहे."

तिचा चेहरा खुलला. "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. "माहा आधीचा?" "तुमचा आधीचा." ती क्षणभर हसली, आणि मग तेच हसू वाकडं झालं. "अन् करिश्माले हे मालूम नसंन? प्रोफेसर हाये थे. मालूम असून तिनं पोरीले दुसराच अर्थ शिकवला, अन् वरून चांदनी देल्ली."

म्हणजे माझ्या मलमानं जखम आणखी चिघळली.

त्या दिवसापासून खुशबूचं मावशीकडं जाणं बंद झालं. करिश्माचा फोन आला तर बाई सांगायची, पोरीला ताप आहे. पोरीला सांगायची, मावशीला पेपर तपासायचे आहेत. आठवडाभर हे चाललं. मग करिश्मानं कॉलेजच्या शिपायाच्या हाती एक फॉर्म पाठवला. नागपूरच्या एका चांगल्या निवासी शाळेत नववीला प्रवेश मिळत होता. आईबापापैकी एकाची सही हवी होती आणि शनिवारी पाच वाजेपर्यंत फॉर्म तिथं पोचायला हवा होता. खुशबू फॉर्म छातीशी धरून घरभर नाचली. बाई म्हणाली, "ठेव तिथी, सही करतो."

संध्याकाळी फॉर्म गायब.

खुशबूनं विचारलं, तेव्हा मी पंगतीत होते. बाई वाढता वाढता म्हणाली, "मले काय मालूम? या घरात काई सापडते काय? तूच लिहितं ना, घर पसारा हाये म्हणून. शोध आता पसाऱ्यात."

पोरीचा चेहरा पांढरा पडला. आईनं वही पाहिली, हे तिला तेव्हाच कळलं. ती तशीच उठली आणि शोधायला लागली.

तीन दिवस ती शोधत होती. कांद्याचं पोतं शेडमध्ये नेलं, कपड्यांच्या घड्या केल्या, फ्रिजवरचं सगळं उतरवून पुसलं, डबे रिकामे करून पुन्हा भरले. तिसऱ्या दिवशी त्या घरात पाय ठेवताना मला चुकल्यासारखं झालं, इतकं ते आवरलेलं होतं. फॉर्म मात्र मिळाला नाही. तिनं सगळीकडं पाहिलं, आईची लग्नातली पेटी सोडून. त्या पेटीला कोणी हात लावायचा नाही, असा घरात नियम होता.

शनिवारी, त्या शेवटच्याच दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला बाई भाताचा गंज उतरवायला गेली. गंज धरायचं फडकं चुलीच्या डाव्या हाताला खिळ्याला असायचं. हात नेहमीसारखा तिकडं गेला. फडकं नव्हतं, खुशबूनं धुऊन, घडी करून कपाटात ठेवलं होतं. भात उतू जात होता म्हणून बाईनं पदरानंच गंज धरला, तो कलंडला, आणि उकळती पेज मनगटापासून कोपरापर्यंत सांडली.

माझी सकाळची सुट्टी होती, मी शेडमध्येच वाचत बसले होते. हात नळाखाली धरला, बांगड्या उतरवल्या, फोडांना हात लावू दिला नाही. दवाखान्यात नेऊन पट्टी करून आणली तेव्हा साडेबारा झाले होते, आणि बावीस माणसं जेवायला येणार होती. खुशबूनं न विचारता मावशीला फोन लावला होता. आम्ही परतलो तेव्हा करिश्मा इस्त्रीची साडी खोचून आमच्या चुलीपुढं उभी होती.

बाईला पलंगावर बसवलं. तिथून शेड दिसत होतं. करिश्मा जिवापाड मेहनत करत होती, हे मी शपथेवर सांगेन. पण चार माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या हाताला बावीस माणसांचा अंदाज कुठून येणार? भाताचा खिमट झाला. वरणात मीठ दोनदा पडलं. आलूवांग्याची भाजी खाली लागली आणि वर कच्ची राहिली. पोळ्या लाटता लाटता पीठ तिच्या केसांत गेलं. पहिली पंगत गुपचूप पाणी पिऊन उठली. पीठ, सालं, सांडलेलं वरण यांत पाय ठेवायला जागा नव्हती.

बाई पलंगावरून पाहत होती. पुढं तिनंच मला सांगितलं, "हात जळून राह्यला होता पन पोटात असं गार गार वाटे! वाटे, सांडू दे अजून."

दुसरी पंगत बसायला आली, तेव्हा खुशबू पुढं झाली. म्हणाली, "मावशी, तुले नाई जमत. सरक तू." तिनं खिमटात थोडा कोरा भात शिजवून मिसळला, वरणात पाणी आणि चिंच घातली, आणि उभ्या उभ्या झुणका टाकला. सराटा, म्हणजे उलथणं, उजव्या हातात, डावा हात कमरेवर, आणि चव बघताना एक डोळा मिटलेला. मेसमधला प्रत्येक जण बाईची ती पोज ओळखत होता.

मी बाईकडं पाहिलं. ती रडत होती, हाताच्या दुखण्यानं नक्कीच नाही.

जेवणं आटोपल्यावर तिनं खुशबूला हाक मारली. "पेटी उघड. हिरव्या साडीच्या घडीत फॉर्म हाये."

खुशबूनं फॉर्म काढला. त्यावर सही नव्हती. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, साडेतीन वाजले होते. नागपूर तीन तासांवर. करिश्मानं तिथल्या तिथं शाळेत फोन लावला, दोनदा विनवलं. त्यांनी नियम सांगितला, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

फोन ठेवून करिश्मा बहिणीसमोर बसली. "बाई, काऊन केलं असं? माह्यावर राग होता तर माह्याशी भांडायचं."

"तू चांदनी देल्ली," बाई म्हणाली. "माह्या घराले पसारा म्हणलं पोरीनं, अन् तू खूप छान लिहिलं."

"म्या व्याकरण पाह्यलं व, बाई. एकाच शब्दाचे दोन अर्थ बरोबर वापरले तिनं."

"तू व्याकरण पाह्यलं. घर नाई पाह्यलं. तू शिके तवा याच पसाऱ्यातून तुह्या कॉलेजात डबा जाये."

करिश्मा तिच्या जवळ सरकली. तिनं पीठ भरलेल्या हातानं बहिणीच्या चांगल्या हाताला धरलं. बाईनं हात सोडवून घेतला नाही, पण तिच्याकडं पाहिलंही नाही.

खुशबू अकरा दिवस आईशी बोलली नाही. मीठ दे, दार लाव, एवढंच. बाईनं माफी मागितली नाही. तिला ते यायचंच नाही. बाराव्या दिवशी संध्याकाळी तिनं पट्टीच्या हातानं दप्तर उचललं, ऑटो थांबवला आणि पोरीला घेऊन बहिणीच्या घरी गेली. आत गेली नाही. तासभर पायरीवर बसून राहिली. पुढं पावसाळाभर ती रोज अशी बसायची, आणि आमचं रात्रीचं जेवण अर्धा तास उशिरा व्हायचं. कोणी तक्रार केली नाही. एकदा जोराचा पाऊस आला तेव्हा करिश्मानं तिला ओढून आत नेलं. घरी आल्यावर बाई मला म्हणाली, "पाह्यलं मी तिचं घर. साफ हाये. लयच साफ हाये बाप्पा." आणि त्या दिवशी भाजी तिखट झालीच.

खुशबू नववी-दहावी चंद्रपूरलाच शिकली. अकरावीला मात्र नागपूरला गेली, त्या शाळेत नाही, दुसरीकडं. फॉर्मवर पहिली सही आईची होती. आता ती इंग्रजी घेऊन बीए करते आहे.

मी तिकडं एटापल्लीच्या बाजूला आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. मागच्या महिन्यात बाईला फोन केला. हातावरचा डाग आता फिका झाला आहे म्हणाली, वीस-बावीस माणसं अजून जेवतात म्हणाली. मग स्वतःच सांगितलं, "पोरगी रविवारी फोन करते. आधी तिले करते, मंग मले."

"बाई, तुम्हाला कसं माहीत?"

"मी करिश्मालेच विचारलं ना. थे खोटं बोलत नाई, हेच तिचं वाईट हाये." मग ती हसली. "जळतो मी अजून. आता काय लपवू तुह्यापासून."

मी पण हसले. फोन ठेवणार, तेवढ्यात तिचा आवाज बदलला.

"काय व रोशनी, तिथी तुह्यासाठी कोन रांधते?"

मी म्हटलं, सोमारी म्हणून एक बाई आहे, चांगलं करते.

तिकडं गंज जोरात घासल्याचा आवाज आला.

"किती चांगलं?" बाईनं विचारलं.