फाटकापाशी एक घंटी

त्या शुक्रवारी सकाळी मी रविवारसाठी पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करत होतो. चर्चमध्ये प्रभुभोजनाचा रविवार होता, आणि सात वर्षांनंतर मी आणि माझा थोरला भाऊ शमुवेलदादा एका बाकावर बसणार होतो. इतक्यात पुतण्याचा फोन आला. अंगणात सायकल काढता काढताच दादा कोसळला होता... इस्त्री सदऱ्यावर तशीच राहिली. तो डाग मी अजून तसाच ठेवला आहे.

नांदुऱ्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर दादाचे शिलाईचे दुकान होते. आमचे बिनसले ते चर्चच्या मंडळीच्या सभेत. पंचांच्या निवडीत माझे नाव पुढे आले, तेव्हा दादा उठून म्हणाला, "धाकल्याले सध्या नका घेऊ. याचा राग याच्याआधी बोलते. थोडं थांबा." मंडळीतल्या वडीलधाऱ्या आनंदराव मास्तरांनी त्याला दुजोरा दिला. मी भर सभेत दादाला ढोंगी म्हणालो, मास्तरांना त्याहून वाईट बोललो आणि निघून आलो. दादाचे म्हणणे तिथल्या तिथे मीच खरे करून दाखवले, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात जाताना दादा माझ्या फाटकापाशी सायकल थांबवू लागला. एकदा घंटी वाजवायची, "सलाम, धाकल्या" म्हणायचे, क्षणभर थांबायचे आणि निघायचे. मी ओसरीवर पेपर तोंडासमोर धरून बसत असे. तो भर पावसात आला. हात प्लास्टरमध्ये असताना पायी आला, तेव्हा घंटीऐवजी फाटकाची कडी वाजवली. एकदा हसत म्हणाला, "काऊन बे, आज पेपर उलटा?" पेपर खरोखरच उलटा होता. मी तो सरळदेखील केला नाही.

प्रभुभोजनाच्या रविवारी तो शेवटच्या बाकावर बसे. ख्रिस्ताच्या आठवणीची भाकर आणि पेला समोर आला, की मान खाली घालून पुढे जाऊ देई. त्याचे मन त्याला खात असेल, असे मी समजत होतो. मी स्वतः मात्र दर वेळी निर्धास्तपणे पेला घेत होतो.

त्या शुक्रवारच्या आठवड्यात सोमवारी घंटी वाजली नाही. मंगळवारीही नाही. मी पेपर खाली ठेवला आणि त्याच्या घरी गेलो. तो तापाने पडून होता. "आला का बे? बस," म्हणाला, आणि आत हाक दिली, "अवं, चहा ठेव, धाकल्या आला!" मी कसाबसा म्हणालो, "दादा, माझं चुकलं."

"हाव, चुकलं," तो म्हणाला. "पन माह्यंही चुकलं. सभेत बोलाच्या आधी तुले एकट्याले सांगाले पायजे होतं." मग म्हणाला, "या रयवारी संगं बसू."

शनिवारी त्याला माती दिली. परतल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ते पेला काऊन नव्हते घेत, ठाऊक हाये तुमाले? म्हनत, भावाच्या मनात माह्याबद्दल राग हाये, तोवर कोन्या तोंडानं घेऊ?"

...परिपूर्ण ख्रिस्ती जीवन मी प्रवचनांत आणि मानाच्या पदांत शोधत राहिलो. दादा ते रोज सकाळी माझ्या फाटकापाशी निवडत होता. आणि रोज सकाळी मीही निवडत होतोच.

रविवारी पेला माझ्यासमोर आला. सभेत मी दुखावलेल्या मास्तरांची आठवण झाली, आणि मी तो पुढे जाऊ दिला.

वहिनींनी दादाची सायकल मला दिली आहे. रोज सकाळी मी ती घेऊन आनंदराव मास्तरांच्या फाटकापाशी थांबतो. एकदाच घंटी वाजवतो. "सलाम, मास्तर," म्हणतो आणि क्षणभर उभा राहतो. परवापर्यंत ते ओसरीवरून उठून आत जात असत.

काल बसून राहिले.