तेल लावलेला शुक्रवार

गुपित पाळण्यासाठी माझे थोरले साडू जेवढी मेहनत घेत, तेवढी अख्ख्या सोलापुरात कोणी घेत नसेल. आणि त्यांच्याइतकं उघडं पडलेलं गुपितही अख्ख्या सोलापुरात दुसरं नसेल. गुपित एवढंच, की ते दर शुक्रवारी उपास-प्रार्थना करायचे. उपास करताना तोंड सुकवून बसू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, म्हणजे लोकांना कळणार नाही, ही प्रभूची शिकवण आमच्या ख्रिस्ती मंडळीत सगळ्यांना ठाऊक आहे; पण ती इतकी शब्दशः डोक्यावर घेणारा माणूस एकच. एरवी आठवडाभर साडूंचे केस वाळल्या कडब्यासारखे उभे असत. शुक्रवारी सकाळी मात्र डोकं असं चमकायचं की त्यात बघून दुसऱ्याने भांग पाडावा. कानामागून ओघळ यायचे, इस्त्रीच्या शर्टाची कॉलर ओली व्हायची, आणि हे गल्लीतून जाताना मुद्दाम दात कोरत जायचे. समोरच्या घरातले चाचा ओट्यावर बसलेले असायचे. ते एकदा म्हणाले, "क्या मियाँ, हमारा जुम्मा नमाज से मालूम पडता, तुम्हारा तेल से!" साडू इतके खजील झाले की पुढच्या शुक्रवारी त्यांनी तेल कमी लावलं. म्हणजे ओघळ फक्त एकाच कानामागे आला.

गंमत अशी, की हा माणूस पेशाने आचारी. लग्नाचं जेवण, बारशाचं जेवण, शिवाय खाण्याची आवड अशी की साध्या दिवशी चार कडक भाकऱ्या मटणाच्या रश्श्यात चुरायच्या, वर शेंगाचटणीचा डोंगर करायचा आणि मग विचारायचं, "मास्तर, तुमी का थांबला?" असा माणूस शुक्रवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसत्या पाण्यावर, तेही उकळत्या डेगीसमोर उभा! उपासाच्या दिवशी रस्सा चाखायचा कसा, हा प्रश्न त्यांनी मला वेठीला धरून सोडवला. माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी मी मोकळा. ते पळीभर रस्सा माझ्या तळहातावर घालायचे आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे. मी काही बोलायच्या आतच ओरडायचे, "मीठ कमी हाय!" एकदा माझी दाढ दुखत होती. मी तोंड वेडंवाकडं केलं आणि तिखट जास्त झालं समजून त्यांनी दोन बादल्या पाणी ओतलं. त्या लग्नातल्या पातळ रश्श्याचं खापर वऱ्हाडी अजून माझ्या दाढेवर फोडतात.

उपास कशासाठी, हे मात्र ते कधी सांगायचे नाहीत. मी खोदून विचारलं की म्हणायचे, "सांगितला की झालं की त्याचं पोस्टर." मला वाटायचं, मुलीला नोकरी लागावी, गुडघे दुखू नयेत, असलंच काहीतरी असेल. मी स्वतः उपासाच्या वाटेला जाणारा नव्हतो. गुड फ्रायडेला तीन तासांच्या उपासनेत माझं लक्ष पाळकसाहेबांपेक्षा घड्याळाकडे जास्त.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च संपत आला होता, उन्हाने डांबर मऊ झालं होतं. शुक्रवारीच एका साखरपुड्याचा स्वयंपाक चालू होता. साडूंनी पळी माझ्यापुढे धरली, ती हातातून सुटली आणि ते तिथेच कांद्याच्या पोत्यावर बसले. बसले ते आडवेच झाले. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, साखर तपासली आणि विचारलं, "काय खाल्लं होतं आज?"

आमच्या अक्का, म्हणजे साडूंच्या मंडळी, धावत आल्या होत्या. त्यांचा बांध फुटला. "काय खातेत, बाई! सहा वर्षं झाली, ह्यांचा शुक्रवार उपाशीच. आन् कुणासाठी? ह्या मास्तरांसाठी आन् ह्यांच्या भावासाठी!"

माझा आणि भावाचा अबोला वडिलांच्या मातीपासूनचा.

आमचे वडील ऐन मे महिन्यात गेले. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पुण्याहून निघाला होता. वाटेत त्याची गाडी बंद पडली. "मी येतोय, थांब," असा त्याचा फोन आला होता. इकडे लोक म्हणत होते, उन्हाळा आहे, किती वेळ ठेवणार. मी थांबलो नाही. वडिलांची माती झाली, आणि अण्णा कबरस्तानाच्या फाटकात आला तेव्हा माणसं हात धुऊन परत निघाली होती. तो एवढंच म्हणाला, "तोंडसुद्धा बघू दिलं नाहीस." त्यानंतर सहा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. माझ्याकडे कारणं पुष्कळ होती. ऊन, लोक, बर्फ मिळाला नाही. बर्फ मी शोधलाच नव्हता, हे फक्त मला माहीत होतं.

खरं सांगतो, आधी मला रागच आला. साडू शुद्धीवर येताच मी म्हणालो, "मला न विचारता माझ्यासाठी उपाशी कशाला राहायचं? हे काय उपोषण आहे?"

ते उशीवर मान वळवून म्हणाले, "तुमाला सांगून केला असता तर उपोषणच झालं असतं की. उपोषण माणसापुढं करतेत. मी तुमच्यापुढं कुटं बसलो?"

"आणि काही झालं असतं म्हणजे?"

"मास्तर, तुमी दोघं माझ्या पंगतीला एकदा शेजारी शेजारी बसला व्हता. तुमच्या ताटातलं हाड अण्णांनी उचललं आन् तुमाला पत्ताच न्हाय. तसं बसलेलं मला परत बघायचंय. बाकी काय न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी पुण्याला गेलो. कोणालाही सांगितलं नाही. बायकोला शाळेचं काम म्हणालो. अण्णाने दार उघडलं. पाठ केलेली सगळी कारणं मी विसरलो. म्हणालो, "थांबायला हवं होतं मी. चुकलो." त्याने दाराची कडी सोडली. मग आत वळून वहिनीला म्हणाला, "धाकटा आलाय. चहा टाक." चहा पिताना दोघंही रडलो. मग तो आपणहून म्हणाला, "चल, बाबांकडे जाऊन येऊ," आणि त्याच आठवड्यात आम्ही दोघं सोलापूरला कबरीपाशी उभे राहिलो. उपासाचं मी अण्णाला सांगितलं होतं; येताना साडूंच्या घरी त्याने त्यांचे पाय धरायला हात पुढे केला, तर हा माणूस पाय मागे घेत घेत स्वयंपाकघरात पळाला.

आता त्यांची साखर कायमची बिघडली आहे. डॉक्टरांनी उपासाला साफ मनाई केली आहे. शुक्रवारी अक्का घड्याळ लावून बिस्किटं पुढे ठेवतात आणि ते चोरी पकडल्यासारखं तोंड करून खातात. त्यांच्या वाटचा उपास मी करतो. दुपारी दोनला माझं डोकं दुखायला लागतं, चिडचिड होते. त्यांनी इतकी वर्षं हसत कसं केलं, देव जाणे. संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्या मागच्या खोलीत प्रार्थनेला बसतो. ज्यांच्यासाठी मागायचं त्यांचं ते एकेक नाव घेतात आणि मध्येच थांबतात. हल्ली त्यांना नावं आठवत नाहीत. मी हळूच सुचवतो.

गेल्या शुक्रवारी मात्र मलाही सुचवता येईना. कोणाबद्दल चाललंय तेच कळेना. ते डोळे मिटून बराच वेळ शोधत राहिले, ओठ नुसते हलत होते. शेवटी म्हणाले, "प्रभू, नाव गेलं बघ माझ्याकडनं. पण तो लई अडचणीत हाय. तू बघ त्याच्याकडं."

मी आमेन म्हणालो. बाहेर अंधारून येत होतं, आणि दिवा लावायला दोघांपैकी कोणीच उठलं नाही.