पाऱ्याच्या खाणीचा केसपेपर

आयर्लंडमधल्या एनिस गावात राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने पाऱ्याची खाण एकदा पाहिलेली असते आणि दुसऱ्यांदा कुणीच पाहिलेली नसते. याचे सारे श्रेय आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या डॉक्टरांना. ते इस्पितळातून निवृत्त व्हायला आले होते. पत्नी जाऊन बरीच वर्षे झालेली, मुलगी डब्लिनला, सँट्री नावाच्या उपनगरात. नवा मराठी माणूस आला, की त्याचे डाळ-तांदूळ प्रेसमध्ये लागायच्या आत (इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि चार दिवसांत आपणही म्हणू लागतो) डॉक्टर दारात हजर. "रविवारी मोकळे आहात ना? छोटीशी सहल. डबा मी आणतो." सहल म्हटल्यावर माणूस समुद्र, कडे, किल्ले अशी स्वप्ने बघतो. दीड तास गाडीत बसल्यावर त्याला दिसते एक कुंपण, पलीकडे पाण्याने भरलेला मोठा खड्डा, चार गायी आणि आडवा पाऊस.

मला नेले तेव्हा त्यांनी छत्री माझ्या हातात दिली आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. जन्मभर रुग्ण तपासलेल्या या गृहस्थांनी खाणीचाही केसपेपर केला होता. वय : पस्तीस कोटी वर्षे, अंदाजे. तक्रार : जमिनीला भेग. "हा इकडे चुनखडक, तो तिकडे लाल वाळूचा दगड. मधे जमीन चिरली. त्या चिरेतून खालचं गरम पाणी वर आलं, निवलं, आणि तांबं अन् हिंगूळ मागे ठेवून गेलं. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक." थंडीने तोंड आखडू नये एवढ्यासाठीच मी "मग?" म्हटले. डॉक्टर क्षणभर माझ्याकडे बघतच राहिले. कुणी प्रश्न विचारील याची त्यांना सवयच राहिली नव्हती. मग त्यांनी पूर्वेतिहास सांगितला. लोक आले ते तांब्यासाठी. तांब्यात पारा निघाला तेव्हा त्यांनी आधी कपाळाला हात लावला, आणि नंतर दगड भाजून, वाफ थंड करून पाराच विकायला काढला. काही वर्षे बरी गेली, मग माल संपला, माणसे पांगली, पंप थांबले. "पाण्याला काही बोलवावं लागत नाही," डॉक्टर म्हणाले. "पंप बंद केला की ते आपलं आपण येतं." एवढे सांगून त्यांनी मला थालीपीठ दिले.

मीही इतरांसारखाच निघालो. पुढच्या रविवारी त्यांचा फोन आला तेव्हा मला ताप होता, त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे. डॉक्टर प्रत्येक वेळी "ग्रँड, ग्रँड" (म्हणजे इथल्या भाषेत 'काही हरकत नाही') म्हणत आणि एकटेच जात.

एकदा माझी आई साताऱ्याहून आली होती, तिला घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, बशीत, हिंगुळाचा लालभडक दगड असे. मी आणि डॉक्टर स्वयंपाकघरात चहा करत होतो, तेवढ्यात आईने दगडाला हळदकुंकू वाहिले, फूल ठेवले आणि निरांजन लावले. बाहेर आलेल्या डॉक्टरांनी ते पाहिले मात्र, झेप घालून फुंकर मारली आणि जानेवारीच्या गारठ्यात घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. "आई, हा तापला तर विषारी वाफ सोडतो!" आई कानाला मफलर गुंडाळत शांतपणे म्हणाली, "अवो डाक्टर, देव असा कोपऱ्यात टाकल्यावर चिडंल न्हाई तर काय करंल?" डॉक्टर इतके हसले, की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. घरी येताना आई एवढेच बोलली, "लय दिसांनी हसलाय त्यो मानूस."

चार वर्षांनी डॉक्टर निवृत्त झाले आणि मुलीकडे राहायला जायचे ठरले. जायच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी कुणालाच फोन केला नाही. शेवटी मीच गेलो आणि म्हणालो, "डॉक्टर, रविवारी खाणीवर जाऊ या?"

"तुम्ही पाहिलीय की. पुन्हा कशाला?"

"पुन्हा बघू."

खड्डा तसाच होता, पाऊसही. पण केसपेपर खिशातून निघालाच नाही. आम्ही गाडीतच बसून चहा प्यायलो. आईचे गुडघे कसे आहेत, माझ्या भावाला मुले किती, मी एकटा असताना काय रांधतो, सगळे त्यांनी विचारले. मग पत्नीबद्दल बोलले. ती सायीचे दही विरजून लोणी काढी, आणि इथले विकतचे लोणी इतके चांगले असताना कशाला, म्हणून दोघे भांडत. दुपार टळली तरी आम्ही बोलत होतो.

परत फिरताना मी म्हणालो, "आज खाणीबद्दल काहीच बोलला नाहीत."

"नव्या माणसाला काहीतरी दाखवावं लागतं हो," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर तो येईल कशाला?"

त्यांची गाडी दिसली की मी पडदा ओढून घेत असे, ते सगळे रविवार मला आठवले. एनिस येईपर्यंत मला त्यांच्याकडे बघवले नाही.