खांदा दुखतोय? चपला दाखव

सबनीस काका गेल्याचं मला उशिराच कळलं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या, त्यांत 'डॉक्टर' कुठेच नव्हतं. विलायतेत वर्षानुवर्षं ऑस्टिओपॅथी, म्हणजे हाडं-सांधे हातांनी मोकळे करायची विद्या, शिकून आलेल्या माणसाला आपला कायदा डॉक्टर मानत नाही, आणि पेशंटकडे न बघता सुई टोचणाऱ्याला मानतो! काका मात्र कधी चिडले नाहीत. चिडायचं काम माझं.

आम्ही चळवळीतले कार्यकर्ते वस्त्यांमधून भोंदू वैद्यांविरुद्ध पत्रकं वाटायचो. मुलुंडला काकांच्या खोलीवर मी पहिल्यांदा गेले तीही त्याच संशयाने, घाटकोपरच्या सुलभाताईला घेऊन. नवऱ्याची गिरणी संपात बंद पडलेली, घर हिच्या पगारावर. एका कारखान्याच्या गाळ्यात डब्यांची झाकणं दाबायच्या मशीनवर ती कामाला होती, आणि उजवा हात वर जाईना. सोमवारपासून नीट काम झालं नाही तर दुसरी बाई ठेवतो, असं मालकाने बजावलेलं. काकांनी खांद्याला हातही लावला नाही. दाराबाहेर जाऊन तिच्या चपला उलट्यासुलट्या करून बघत बसले!

"दुखतं एकीकडे, बिघडलेलं असतं दुसरीकडे. शरीर एकच ना गं?" मला म्हणाले. मग तिला, "उजव्या पायावर भार टाकतेस तू."

सुलभाताई ओशाळली. "डॉक्टर, त्या वहिनीच्या चपला. तुमच्याकडे यायचं म्हणून जरा बऱ्या घातल्या."

"म्हणजे मी वहिनीला तपासलं!" काका पोट धरून हसले. "उद्या तुझ्या घालून ये. झिजलेल्या."

दुसऱ्या दिवशी मीही हटकून गेले. डाव्या चपलेची टाच पार गेलेली... मशीनचं पायडल उंच, उजवा पाय दिवसभर त्याच्यावर, सगळं अंग डाव्या पायावर. कंबर कलती, पाठ पिळलेली, आणि तशाच पाठीने भरलेले ट्रे वरच्या कप्प्यात चढवायचे. काकांचे हात कमरेपासून निघाले, बरगड्यांवरून फिरत, थांबत, खांद्यावर सगळ्यात शेवटी पोचले. "डाव्या पायाखाली फळी घे," ते म्हणाले. मालकाने साफ नकार दिला. मी पत्रक काढलं : 'खांदा नाही, मशीन आजारी!' काकांनी ते वाचून चष्मा काढला. "झकास. फक्त मशीनला माझ्याकडे पाठवू नकोस."

पत्रक गाळ्याच्या दारात वाटल्यावर सगळ्याच बायका फळी मागायला लागल्या, तेव्हा कुठे सुतार आला. सोमवारी सुलभाताईचा हात अर्धाच वर जात होता. ट्रे चढवायला शेजारणी धावल्या. हळूहळू त्यांना धावावं लागेना.

काकांचं सगळंच मला पटलं नव्हतं. पाठीचा कणा मोकळा केला की दमाही हलका होतो म्हणायचे. मी पुरावा मागायचे, ते चहा मागवायचे. तो वाद अर्धाच राहिला...

बातमी सांगायला गाळ्यात गेले. "गेले?" सुलभाताई एवढंच म्हणाली. मशीन थांबवलं नाही. डोळे पुसले ते डाव्या हाताने. उजवा, भरलेला ट्रे घेऊन, केव्हाच वर गेला होता.